सम तारखेचा पहारा

अमेरिकेच्या पन्नास राज्यांत फ्रिजला सुतळी बांधून ठेवणारा माणूस एकच असणार, आणि तो माझ्या शेजारी राहतो. टेक्सासातल्या प्लेनोत, आमच्या गल्लीत लोक गॅरेज उघडं टाकून खुशाल ऑफिसला जातात. पण काकांच्या घरात साखरेच्या डब्याला दोरी, ब्रेडच्या डब्यावर वरवंटा आणि केळी पलंगाखालच्या बॅगेत कुलूपबंद. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले, तेव्हा काकांनी फ्रिजची गाठ सोडली, दूध काढलं, गाठ मारली. मग आलं आठवलं म्हणून पुन्हा सोडली, पुन्हा मारली. चहा येईपर्यंत माझी तहान मेली होती. म्हातारबुवांचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय, असं मी मनात म्हणते आहे तोच काकूंनी माझा चेहरा वाचला. "अगं, आत्याबाईमुळे लागलेली सवय आहे ही," त्या म्हणाल्या. "ती जाऊन जमाना झाला, सवय काही जात नाही."

ही आत्याबाई म्हणजे माकडीण. काका-काकू मूळचे नगर जिल्ह्यातले. लग्नानंतर वर्षभरात चर्चने त्यांना टांझानियातल्या एका खेड्यात मिशनच्या कामाला धाडलं. काकू तिथल्या दवाखान्यात नर्स. काका आठवडाभर शाळेत शिकवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. कुत्र्यांनी आई मारलेलं एक काळ्या तोंडाचं पिल्लू कुणीतरी दवाखान्यात आणून दिलं, ते काकूंनी ड्रॉपरने दूध पाजून जगवलं. चालायला लागल्याबरोबर ते सरळ स्वयंपाकघरात शिरलं, एकेक डबा उघडून त्यात नाक खुपसलं, तोंड वाकडं केलं आणि निघताना मूठभर शेंगदाणे घेऊन गेलं. काकांची सख्खी आत्या नगरहून माहेरी आली की हुबेहूब हेच करायची. काकूंनी तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं. "माझ्या आत्याचं नाव माकडाला, आणि मी काही बोलायचं नाही!" काका अजून तक्रार करायचे, पण बोलताना मिशीत हसायचे. आत्याबाई त्या घरात अठरा वर्षं नांदली. एकदा तिने काकांच्या उपदेशाची शेवटची तीन पानं खाल्ली. त्या रविवारी उपदेश दहा मिनिटांत आटोपला आणि दारात हस्तांदोलन करताना मंडळींनी आत्याबाईची आवर्जून चौकशी केली, असं काकू सांगायच्या.

काकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! टेक्सासच्या भर उन्हात, जिथे माणूस समोरच्या दुकानातही गाडीने जातो, तिथे काका डोक्यावर गवती हॅट घालून पायी हिंडतात. रोज एक तरी गाडी थांबते आणि काच खाली करून कुणीतरी विचारतं, "आर यू ओके, सर?" काका त्याला मुलंबाळं किती, आई कुठे असते, गुडघे कसे आहेत, सगळं विचारून घेतात. बिचारा ऑफिसला उशिरा पोचतो. हायवेवर माझ्या शेजारी बसले की स्पीडोमीटरकडे बघत "पोले पोले" म्हणत राहतात. तिकडच्या भाषेत हळूहळू. एकदा डॉक्टरांकडे रिपोर्ट म्हणून जी बॅग घेऊन गेले, ती पलंगाखालची निघाली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी मोठ्या विश्वासाने सहा काळी पडलेली केळी मांडली. "शी सेड पोटॅशियम इज गुड," एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची जेवणाआधीची प्रार्थना. टांझानियात दोघांनी डोळे मिटले की आमेनपर्यंत ताटातली चपाती गायब व्हायची. म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या. सम तारखेला काकूंनी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि काकांनी पहारा करायचा. विषम तारखेला काकांनी मिटायचे, काकूंनी बघायचं. चपात्या आधी मोजायच्या, आमेननंतर पुन्हा मोजायच्या. आत्याबाई गेली, काका-काकू रिटायर झाले, मुलाने इथे घर घेऊन दिलं आणि तो स्वतः नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला, तरी पाळ्या चालूच. "एकतीस दिवसांचा महिना आला की यांची चंगळ," काकू कुरकुरायच्या. "एकतीसही यांची आणि एक तारीखही यांचीच. दोन दिवस लागोपाठ देवाशी हेच बोलणार!"

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुलगा येऊन पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. काका हिंडायचे थांबले. मी डबा नेऊन द्यायचे, तो दुसऱ्या दिवशी तसाच परत यायचा, वर सुतळीची गाठ मारलेला. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. एकदा दुपारी न सांगता गेले, तर काका ओट्यापाशी उभ्याउभ्या कोरडा ब्रेड चावत होते. मी चिडलेच. म्हटलं, "काका, हे काय चाललंय? टेबलाशी बसून नीट जेवत का नाही?"

"प्रार्थनेशिवाय टेबलाशी बसायची सवय नाही गं," ते म्हणाले. "आणि डोळे मिटले की वाटतं, बघतंय कोण? चिरंजीव फोनवर म्हणतो, पप्पा, देअर इज नो मंकी इन टेक्सास. मला कळत नाही होय? तिलाही कळत होतं. पण ती समोर बसून माझ्याकडे बघत असायची ना, ते मला मिटल्या डोळ्यांनी कळायचं."

माझी मुलगी कॉलेजच्या हॉस्टेलवर, नवरा नोकरीपायी दूर क्युपर्टिनोला. मी स्वतःही किती महिने लॅपटॉपसमोरच जेवत होते. दुसऱ्या दिवशी सहा पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन गेले आणि काकूंच्या खुर्चीत बसले. "आज विषम तारीख. मिटा डोळे, मी बघते." काका कसेबसे दोन वाक्यं बोलले आणि आमेन म्हणाले. डोळे उघडून त्यांनी पोळ्या मोजल्या. "सहाच आहेत," ते पडेल आवाजात म्हणाले. जेमतेम अर्धी पोळी खाल्ली.

पुढच्या विषम तारखेला मात्र त्यांचे डोळे मिटल्यावर मी एक पोळी उचलून सरळ मांडीवर लपवली. चाळिशी उलटलेली बाई, ऑफिसात बारा माणसं हाताखाली, आणि एका उपदेशकाच्या घरात ऐन प्रार्थनेत चोरी करत होते! काकांनी डोळे उघडले, मोजलं. पुन्हा बोट लावून मोजलं. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाच," ते म्हणाले. "चांगल्या सहा मोजल्या होत्या मी. तुला पहारा जमत नाही. ती असती तर एक तुकडा हलू दिला नसता!" आणि मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेना, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले, पुन्हा पुसले. त्या दिवशी त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या.

आता आठवड्यातून दोनदा मी जाते. हॅट पुन्हा रस्त्यावर दिसू लागली आहे. गेल्या गुरुवारी मी नेहमीसारखी पहाऱ्याला बसले, तर काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "आज सम तारीख. तुझी पाळी."

"अहो, मला कुठे प्रार्थना येते!"

"येत नसेल तर गप्प बस. पण डोळे मीट."

मी मिटले. देवाला काय सांगायचं ते सुचेना. घर शांत होतं, भाजीचा वास येत होता, आणि समोर कुणीतरी बसून माझ्याकडे बघतंय हे मला कळत होतं. किती दिवसांनी! मी लगेच उघडलेच नाहीत. खूप वेळाने आमेन म्हटलं आणि बघितलं, तर माझ्या ताटातली पोळी नव्हती. काका खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचं तोंड भरलेलं होतं.