दुखानच्या क्लबातला वन्स मोअर

नट दोन तऱ्हेचे असतात, एक घोकणारा आणि एक सुचणारा. हे मी कुठल्या नाट्यगृहात शिकलो नाही. कतारात दुखानच्या तेलाच्या कॅम्पात, क्लबच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दोन ऑस्ट्रेलियन नटांनी मला ते शिकवलं. आता दोह्यात अल सद्दमध्ये मुलाच्या घरी टीव्हीसमोर बसतो, तेव्हा नात इंग्रजीत विचारते की यांतला चांगला कोण. मी म्हणतो, माझे चांगले नट केव्हाच बघून झालेत. म्हातारा भाव खातोय असं तिला वाटतं, आणि थोडं खरंही आहे ते.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं होतं. मी रत्नागिरीहून येऊन कंपनीत क्लार्क म्हणून लागलो होतो. हिवाळा आला की साहेब लोक नाटक बसवत. आमच्या मेसमध्ये कॅरम चालायचा, त्यांच्याकडे नाटक, एवढाच काय तो फरक. त्या वर्षीच्या नाटकाच्या प्रती काढायला टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडे आलं. पानंच्या पानं टाइप करून सगळं नाटक डोक्यात बसलं. ते क्लबच्या सेक्रेटरीच्या लक्षात आलं आणि त्यानं मला प्रॉम्प्टर करून टाकलं. रत्नागिरीला तंबूत नाटक यायचं तेव्हा प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू यायचा. माझ्यापुढे तोच आदर्श होता. पहिल्या तालमीला मी इतक्या मोठ्यानं वाक्यं दिली, की सेक्रेटरीनं मला विंगेतून बाहेर बोलावून घसा दुखतो का विचारलं.

नाटकातली मुलगी झाली होती ती आमच्या एका इंजिनिअरची मेव्हणी. वय तेवीस-चोवीस, लांब हात, नाकावर उन्हाचे ठिपके. ऑस्ट्रेलियात तिनं रेडिओवर आणि छोट्या रंगमंचावर नाव काढलं होतं आणि मग ती लंडनला गेली होती. वडिलांनी मुदत दिली होती वर्षाची. वर्षभरात लंडननं काम दिलं तर राहा, नाही तर मुकाट्यानं परत ये आणि आपल्या औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहा. वर्ष संपलं होतं. ती हात हलवत परत निघाली होती, वाटेत बहिणीकडे थांबली होती, एवढंच.

लंडनमध्ये तिला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. तुझं सगळं चांगलं आहे, पण ठरलेलं आहे. हे तिनं मला स्वतः सांगितलं, चहा पिताना, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं. आणि लंडनवाले खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या अंकात तिचं एक मोठं भाषण होतं. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी बापाला सांगते की मी आता हे घर सोडून जाणार. त्या भाषणात कुठल्या शब्दाला खुर्चीच्या पाठीवर हात, कुठल्या शब्दाला खिडकीकडे वळणं, सगळं बांधलेलं. तिच्यावर घड्याळ लावून घ्यावं. पण मेहनत अशी, की मी तसली कोणाची पाहिली नाही. दुपारी सगळा कॅम्प झोपलेला असताना ती रिकाम्या हॉलमध्ये एकटी बोलत असायची. मला तिचं फार कौतुक वाटे, आणि तिला काही सांगावं तर मी कोण?

तिचा नायक होता रिगवरचा वेल्डर, तिच्याच देशाचा. दाढी दोन दिवसांची, चाल बदकासारखी. पूर्वी तो एका फिरत्या तंबूबरोबर गावोगाव नाटकं करत हिंडला होता, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या मंडळींचा भाऊबंदच. त्यानं माझ्या नाकी नऊ आणले. रोज वेगळं वाक्य. मी विंगेतून खरं वाक्य दिलं तर म्हणायचा, "मेट, तुझंही बरं आहे, पण आज हे सुचलं." पण तो स्टेजवर आला की हॉलमधला पंखाही ऐकायला थांबतोय असं वाटायचं. पुढे तो मेलबर्नच्या टीव्हीत गेला आणि घराघरांत ओळखीचा झाला असं त्याच्या एका ख्रिसमस कार्डावरून कळलं. मला नवल वाटलं नाही.

प्रयोगाच्या आठवड्यात बातमी आली. मॅनेजरचा एक जुना मित्र लंडनची नाटक कंपनी घेऊन पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघाला होता, बहरीनहून दोह्यामार्गे पुढे जाणार होता. तो गुरुवारी आमचा प्रयोग बघायला येणार होता आणि त्याच्या कंपनीत एका नटीची जागा रिकामी होती. त्या दिवसापासून ती जेवेनाशी झाली. हा माणूस नाही म्हणाला की खलास, पुढे औषधाचं दुकान. वेल्डर तिला म्हणाला, "एक दिवस तरी खुर्चीला हात लावू नकोस." ती म्हणाली, "मग हात कुठे ठेवू?" तो यावर हसला, मला मात्र तिची दया आली.

सेट उभा केला होता आमच्या मिस्त्री चाचांनी. चाचा राजापूरचे, कंपनीत सुतार. इंग्रजी त्यांना स्क्रू आणि इंच यांच्यापलीकडे येत नव्हतं. पण सेट ज्यांनी बांधला त्यांना प्रयोग दाखवायचा, असा मॅनेजरचा दंडक होता, म्हणून मागच्या बाकांवर चाचा आणि आमच्या मेसची मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून बसली. पुढे कोचांवर साहेब, मडमा आणि तो पाहुणा.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात तिचं भाषण आलं. खुर्चीच्या शब्दाला खुर्ची, खिडकीच्या शब्दाला खिडकी. एक अक्षर चुकलं नाही. पाहुण्यानं मधेच घड्याळ पाहिलं, ते मला विंगेतून दिसलं. भाषण संपलं, वेल्डर ठरल्याप्रमाणे कंदील घेऊन आत आला, आणि मागच्या बाकावरून चाचांचा दणदणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

आमच्याकडे हे रीतीला धरून आहे. पद रंगलं, भाषण रंगलं, की लोक पुन्हा मागतात आणि नट मान तुकवून पुन्हा देतो. पण हे साहेबांना कोण सांगणार? कोचांवरच्या माना गर्रकन मागे वळल्या. सेक्रेटरी अर्धा उठला. ती स्टेजवर खिळल्यासारखी उभी, चेहऱ्यावर रंग असूनही पांढरी पडलेली. झालं, बुडालं सगळं, असं मला वाटलं.

वेल्डरनं एकदा मागे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कंदील जरा खाली करून अगदी सहज म्हणाला, "मी लवकर आलो वाटतं," आणि आल्या पावली परत गेला. हॉल हसला. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता आमचा प्रॉम्प्टर वन्स मोअर आला की काय करतो? पहिलं वाक्य देतो. मी दिलं.

तिच्याकडे दुसऱ्या वेळेसाठी काही ठरवलेलं नव्हतं. खुर्ची वापरून झाली होती, खिडकी वापरून झाली होती. ती जमिनीवर बसली आणि बुटाची नाडी बांधता बांधता बोलायला लागली. शब्द तेच. पण आता एक मुलगी बापाची नजर चुकवत होती, कारण नजर दिली तर पाय निघणार नाही. मधे एकदा ती अडली. मी वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ती विसरली नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वेल्डर दुसऱ्या विंगेत कंदील धरून उभा होता, तो आत जायचंच विसरला.

प्रयोग संपल्यावर पाहुणा मागे आला. त्यानं तिला एकच विचारलं, "उद्या प्रयोग असता तर आजच्या दोन्हींतलं कुठलं केलं असतंस?"

ती म्हणाली, "उद्याचं मला आज कसं कळेल?"

तो हसला आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात दोह्याहून आमच्याबरोबर चल.

इकडे सेक्रेटरी चाचांना हॉलच्या पायरीवर झापत होता. पुन्हा तोंड उघडलं तर मागची बाकं बंद, असं त्यानं बजावलं. तो गेल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्हाला काही कळलं तरी होतं का?"

"बापाला सोडून चाललीया, ह्यात न कळण्यासारखा काय हाय?" चाचा म्हणाले. त्यांची स्वतःची मुलगी राजापूरला लग्नाची झाली होती. "आमच्याकडं चांगला झाला तर परत मागतात. ह्यांच्याकडं चांगल्याला गप बसतात. मग त्या पोरीला कळायचा कसा?"

मी हे तिला इंग्रजीत सांगितलं. ती चाचांसमोर गेली आणि तिनं त्यांचा हात धरला. चाचा इतके लाजले की शुक्रन म्हणून मोकळे झाले. मराठी माणसानं ऑस्ट्रेलियन बाईचे अरबीत आभार मानायचे, हे दुखानलाच घडू जाणे.

निरोपाला आम्ही तिघं कंपनीच्या गाडीतून दोह्याच्या विमानतळावर गेलो, वेल्डर, चाचा आणि मी. विमानापर्यंत चालत जायचं, आणि सोडायला आलेल्यांना दोरापलीकडून दिसायचं, असे ते दिवस होते. ती शिडी चढली, वरच्या पायरीवर वळली आणि मोठं हसून हात हलवला, फोटोत हलवतात तसा. मग तिथंच थांबली, आमच्याकडे बघत. वेल्डरनं चाचांना कोपरानं ढोसलं. चाचा मान हलवत राहिले. सेक्रेटरीची बोलणी खाल्ल्यापासून त्यांनी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. "यल्ला, चाचा, होऊन जाऊ द्या," मी म्हटलं. शेवटी त्यांनी तोंडाशी हात धरला आणि ओरडले, "वन्स मोअर!"

ती सगळी शिडी उतरून खाली आली. विमानातली बाई वरून काहीतरी रागावून बोलत होती. मग आमची नटी पुन्हा चढली, हळूहळू, कठड्याला धरून, आणि या वेळी तिनं मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर चाचा खिडकीकडे तोंड करून बसले.