लाल न होणारी सरकी

"बी चांगलं दिसतंय," असं कुणी म्हणालं की अक्का दाणा कापून बघायला त्याच्या हातात ब्लेड द्यायच्या. दिसण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सत्तर सालाच्या आसपास धुळ्यातल्या एका बियाणे संघाच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. मी बी.एस्सी. झालेला, म्हणून हुद्द्याने वर. अकलेचं विचारू नका.

सरकी भिजवायची, टरफल काढायचं आणि आतला गर टेट्राझोलियमच्या बिनरंगी पाण्यात अंधारात ठेवायचा. पेशी जिवंत असली तर तिच्यातलं एन्झाइम काम करतं आणि गर लाल होतो. मेलेला पांढराच राहतो. हे मी पुस्तकातून सांगे. भडगावच्या अक्का त्यांच्या अहिराणीत म्हणत, "जित्तं बी लाल होस. मरेलले कितलंही समजाड, ते नही होस."

एका वर्षी संघाचं गोदाम गळलं आणि पोत्यांतली सरकी आतल्या आत तापली. पेरणी तोंडावर होती. अक्कांच्या बशीत एकही दाणा लाल झाला नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, हा नुसता रंगाचा खेळ आहे, उगवण समाधानकारक लिहा. अक्कांनी मूठभर चांगली सरकी उकळून मारली, तीही सोलून त्याच टेट्राझोलियमच्या पाण्यात ठेवली, आणि दुपारी दोन्ही एकाच बशीत मिसळून साहेबांपुढे आणली.

"साहेब, यातले निम्मे मी उकळलेत. तुमचे तेवढे निवडून द्या."

साहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. दाणे सगळे सारखेच पांढरे; त्यांना एकही उचलता आला नाही. रागाने त्यांनी अक्कांनी लिहिलेला 'मृत' असा अहवाल फाडला. अक्कांनी दुसरा लिहिला. तोही फाडला. मी मान खाली घालून बसलो होतो, हे सांगताना आजही लाज वाटते. मग अक्का बशी घेऊन थेट बियाणं घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत गेल्या. "हाई बठ्ठं मरेल शे," सगळं बी मेलेलं आहे, असं सांगत त्यांनी एकेकाला बशी दाखवली. रांग मोडली आणि पोती जागेवरच राहिली.

चार दिवसांत अक्कांना कामावरून काढलं. भडगावची गाडी स्टँडवर लागली होती. मी तिथे जाऊन माफी मागितली.

"माफीनं काय करू, भाऊ? उद्या बशी तुनापुढे ई."

त्या म्हणाल्या तशी बशी माझ्यापुढे आलीच. तीच सरकी, फक्त पोती नवी. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी अहवाल लिहिला, अक्षर घाणेरडं आलं, पण शब्द वाचता येत होता: मृत. त्यांनी कागद फाडला. मी दुसरा ओढला.