नऊवारीची जाहिरात आणि फुगे फोडणारी बोटं

बायकोने अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या घरी शिवलेल्या नऊवारी विकायला काढल्या, तेव्हा इंटरनेटवरच्या जाहिरातीचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. उभा जन्म कॉम्प्युटरपुढे गेलेला माणूस मी. एवढीशी चौकोनी जाहिरात ती काय! बायकोला मात्र ही गंमत नव्हती. व्हिसामुळे कित्येक वर्षं तिला इथे काम करता आलं नव्हतं, आणि हे तिचं स्वतःचं असं पहिलंच. गणपतीपर्यंत मैत्रिणी सोडून एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर मशीन गराजमध्ये जाईल, असं तिने शांतपणे सांगून टाकलं होतं.

मी जाहिरात केली ती थेट लग्नपत्रिकेसारखी. वर गणपती, बाजूला तोरण, मधे साड्यांचे फोटो, फोन, पत्ता, ‘मापाप्रमाणे शिवून मिळेल’, आणि तळाला ‘आपले नम्र’. फोनवर ती पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसायची. कुठे कुठे दाखवायची असं वेबसाइटने विचारल्यावर मी सगळीकडे म्हटलं. आमंत्रणात हात आखडता घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

क्लिक इतके आले, की मी ऑफिसात आकडा दाखवत फिरलो. फोन मात्र एकही नाही.

शेवटी जर्सी सिटीतल्या आमच्या मुलीला व्हिडिओ कॉल करून विचारलं. तिची नोकरीच जाहिरातींतली. तिने सगळं उघडून बघितलं. मग म्हणाली, “बाबा, तुमची ॲड लहान मुलांच्या गेम्समध्ये दिसतेय. ते बलून्स पॉप करतात, मधेच तुमचा गणपती येतो, मग त्यालाही पॉप करतात.”

मी थक्क झालो. या अवाढव्य देशात कुठकुठली, धड बोलताही न येणारी पोरं माझ्या बायकोच्या नऊवारीला बोट लावून गेली होती. शरम वाटायला हवी होती, पण मी आपला भारावून बसलो.

“चला, कुणी हात लावून तरी पाहिली,” बायको म्हणाली.

मुलीने माझी पत्रिका पुसून टाकली. गेम्स बंद केले, जाहिरात आमच्या आसपासच्या मोठ्या माणसांपुरती ठेवली. मग आईला विचारलं, यात सगळ्यात अवघड काय असतं? काष्टा, आई म्हणाली. धावलं तरी सुटता कामा नये.

“मग धाव ना, आई.”

बायको नऊवारी नेसून घरासमोर धावली. लग्नापासून मी तिला धावताना पाहिलंच नव्हतं. बघतच राहिलो, फोटो काढायचा राहिला, आणि शिव्या खात तिला पुन्हा धावायला लावलं. त्या एका फोटोखाली मुलीने इंग्रजीत एकच ओळ टाकली: यात धावता येतं.

गणपती तोंडावर आले असताना दारात एक अनोळखी मुलगी उभी राहिली. इथेच जन्मलेली, ढोल वाजवणारी. ॲड बघून आले, म्हणाली. नऊवारी चढवून ती जमिनीवर मांडी घालून बसली, झटकन उठली. काष्टा जागचा हलला नाही.

“काकू, धिस इज माइन,” ती म्हणाली.

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, आणि मी मुकाट्याने मापाची टेप दिली.