दम खायला थांबला की दम जातो

आमच्या घरात एम.एस्सी. झालेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. हट्टा गावाहून वसमतच्या कॉलेजात जाऊन तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते; जेवढे तास, तेवढेच पैसे. गैरहजर राहिलं की तास दुसऱ्याला देतात, ही धास्ती कायम असते.

त्या सकाळी अंगात ताप होता, तरी मी पिशवी उचलली. आई दारात आडवी आली.

“काहून मरून राहिली माय? एवढं काय अडलंय?”

“शार्क शिकवायचाय. समुद्रातला शिकारी मासा.”

तिला सांगितलं, हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क वाळूत दडलेला मासाही हुडकतो. पांढरा शार्क खालून झेप घेऊन सावज धरतो, पण त्याला सारखं पोहावं लागतं. थांबला तर कल्ल्यांतून पाणी फिरत नाही, दम जातो.

“दम खायला थांबला की दमच जातो? कसलं म्हणावं जनावर! आन समदेच तसले व्हय?”

खोटं सांगवेना. नर्स शार्क दिवसा तळाशी पडून राहतो, तोंडानं पाणी ओढून श्वास घेतो आणि रात्री खेकडे, गोगलगायी शोषून खातो, हेही सांगितलं.

“मंग त्यो उपाशी मरतो का?”

“न्हाई.”

“मंग पड की त्याच्यावाणी!”

मी कॉलेजात फोन करून येत नाही म्हणाले. पलीकडून नुसतं “बरं” आलं. त्या ‘बरं’चा अर्थ लावायचंही त्राण नव्हतं. चप्पल काढली आणि बाजेवर आडवी झाले.