दर गुरुवारची खुर्ची

आमचे हे सोफे शिवतात. बाळ झालं, पण हे त्याला जवळच घेईनात. "माझ्या हातून पडेल," म्हणायचे. लसीच्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सताईंनी मला विचारलं, "झोप लागते का?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मला नाही लागत." ताईंनी मला सोडून ह्यांनाच समुपदेशक बाईंकडे बसवलं, तेही फुकट. भलं होवो त्यांचं.

पहिले दोन गुरुवार हे मिठाची गुळणी धरून तिथल्या फाटक्या खुर्चीकडे बघत राहिले. तिसऱ्या गुरुवारी सुई-दोरा घेऊन गेले आणि ती शिवता शिवता घडाघडा बोलले.

परवा मी विचारलं, "अहो, अजून किती शिवायची ती खुर्ची?"

"झाली केव्हाच," मांडीवरच्या बाळाला थोपटत हे म्हणाले. "बाई माझ्यासाठी दर गुरुवारी थोडी उसवून ठेवतात."