गालावरचा लाल ठिपका

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, शिपाई बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल, असं मानणारा माणूस सबंध नाशकात एकच आहे आणि तो आमच्या हिचा सख्खा मामा आहे. दोन्ही पक्षी शेपटीखाली लाल. पण शिपायाचा तुरा ताठ, पोट पांढरं, गालावर लाल ठिपका, तर लालबुड्या काळपट, विस्कटलेला आणि भांडखोर. मनमाडला रेल्वेत असताना मामा साहेब लोकांचीही अशीच वाटणी करत. पिंपळगावच्या एका लग्नात नवरदेवाचा तुरा बघून ते भर मांडवात म्हणाले, "शिपाई आहे! पोरीनं नशीब काढलं." पुढे बांबूवरून शीळ आली, तर पानातली जिलबी टाकून उठले. स्वतःला मात्र ते लालबुड्यांत धरतात. "मामीला विचारा," म्हणतात. मामी म्हणते, "त्यात विचारायचं काय!"

त्यांच्यामुळे मलाही नाद लागला. मी हिशेबी माणूस. पुस्तक आणलं, दोन्ही पक्ष्यांच्या खुणांचा तक्ता केला. मध्यंतरी मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना एकच धास्ती होती: पक्षी पूर्वीसारखे ओळखता येतील ना? महिन्याभराने आम्ही सहा जण त्यांच्या गच्चीत चहा घेत असताना मधुमालतीवर एक पक्षी बसला.

"शिपाई!" मामा आनंदाने ओरडले.

मी दुर्बीण लावली. "गालावर लाल कुठाय, मामा? लालबुड्या आहे."

"अहो, पोट बघा ना. पांढरं आहे."

"तुमचा डोळा अजून बसायचाय," मी म्हणालो. सगळे हसले.

मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "जावईबापू म्हणतात तर तसंच असेल." त्या दिवसापासून त्यांची दुर्बीण कपाटात गेली.

बाराव्या दिवशी मी पुस्तकात वाचलं की शिपायाच्या पिल्लाला तो लाल ठिपका नसतोच, मोठं झाल्यावर येतो. ती ओळ आधीपासून तिथेच होती. माझ्या तक्त्यात तिला रकाना नव्हता. मामांचं घर रिक्षाने दहा मिनिटांवर. तिथे जाऊन एवढंच सांगायला मला आणखी एकोणीस दिवस लागले.

पुस्तक उघडून मी म्हणालो, "मामा, चूक माझी होती. तुमची नजर शाबूत आहे."

मामांनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. माझा हात थोपटत म्हणाले, "मन मोठं आहे तुमचं, जावईबापू. म्हाताऱ्याची समजूत काढायला एवढ्या उन्हात आलात."

"समजूत नाही हो, खरंच सांगतोय."

"बरं, बरं. चहा घ्या."

तेवढ्यात मधुमालतीतून शीळ आली. एरवी ती संपायच्या आत मामांनी नाव सांगितलं असतं. शीळ ओळखायला तर डोळ्यांची गरजही नसते. पण ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "कोण हो ते?"

नुसत्या आवाजावरून मला त्या दोघांतला फरक आजही कळत नाही.