ऐकलं तेवढंच

कांबळे मॅडम आलेल्या माणसाला कधी दाराकडं तोंड करून बसू देत नसत. सरकारी वकिलांच्या कार्यालयातली त्यांची खोली लहान होती. बाहेर व्हरांडा, त्यात एकच बाक, आणि त्या बाकावर मेलेल्याची माणसं आणि आरोपीची माणसं एकमेकांना खेटून बसलेली. पोलीस आरोपींना तिथूनच न्यायचे. म्हणून कुणी आत आलं की मॅडम आधी उठायच्या, खुर्ची भिंतीकडं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हिकडं बसा. तिकडं बघायला मी हाय."

मी पहिल्यांदा गेले ती वडिलांबरोबर. आम्ही त्यांना आबा म्हणतो. माझा धाकटा भाऊ विजू घराजवळच्या चौकात भोसकला गेला होता. रिक्षातून दवाखान्यात नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "रव्यानं मारलं," एवढंच तो म्हणाला आणि दवाखाना यायच्या आत गेला. पोलिसांनी रवीला आणि त्याचा धाकटा भाऊ सचिन यालाही पकडलं. दोघं आमच्याच गल्लीतले.

मी जयसिंगपूरच्या शाळेत शिकवते. विजूचं दिवसकार्य उरकलं आणि मी परत वर्गावर उभी राहिले. रडू आलं नव्हतं. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडं बघून आपापसांत कुजबुजायच्या. मॅडमनी मात्र सरळ विचारलं, "रडू येत न्हाय न्हवं, बाई?"

मी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. ओढून आणायचं न्हाय. कोर्टात त्याचं काय काम बी न्हाय."

तेवढ्यावर त्या कागदांकडं वळल्या. इतक्या दिवसांत मला कुणी असं मोकळं सोडलं नव्हतं.

मॅडम हातकणंगल्याकडच्या. खोलीत त्यांची बोली रांगडी असायची. न्यायाधीशांसमोर उभ्या राहिल्या की एकदम स्वच्छ, पुस्तकी. पण आवाज दोन्हीकडं सारखाच, सपाट. एकदा मी विचारलं, "मॅडम, रोज हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी जरा विचार केला. "आधी वाटायचं. आता घरी गेले की टीव्ही लावते आणि आवाज बंद करून बसते."

एकदा आम्ही आत असतानाच रवी-सचिनची आई दारात येऊन उभी राहिली. रवीला वकील दिला, सचिनच्या वकिलाला पैसे नाहीत, काय करू, म्हणाली. मॅडम बाहेर गेल्या आणि सरकारतर्फे फुकट वकील कुठं मिळतो, तिथं कुणाला भेटायचं, हे तिला नीट समजावून आल्या. आबांचा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, तुमी आमच्या का त्यांच्या?"

"मी सरकारी हाय, मामा. ती वाट विचारत आली, सांगितली. तुमी आला असता तर तुमाला बी सांगितली असती."

खटला उभा राहिला आणि मारताना पाहिलेला एकमेव साक्षीदार, चौकातला टपरीवाला, साक्षीत फिरला. आपण काहीच पाहिलं नाही म्हणाला. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी आबा मला घेऊन मॅडमकडं गेले. "आता सगळं हिच्यावर हाय," ते म्हणाले. "ही दोघांची नावं घेईल."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, विजूनं किती नावं घेतली?"

"एकच."

"मग एकच."

"अख्ख्या गल्लीला म्हाईत हाय दोघं होते ते!" आबा ओरडले.

"मग गल्लीनं यावं की कोर्टात. कुणी अडवलंय? हिनं ऐकलं तेवढंच सांगायचं. दुसरं नाव घेतलं तर मीच उठून हिला विचारीन, हे कवा ऐकलंस म्हणून."

घरी जाताना आबा बसमध्ये माझ्या शेजारी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ऐकलं तेवढं सांगितलं. रवीचा वकील म्हणाला, सख्खा भाऊ मांडीवर मेला म्हणता आणि डोळ्यांत टिपूस नाही? मॅडम उठल्या. "साहेब, रडणं हा पुरावा नाही. त्यांनी प्रश्न विचारावा." मग सचिनचा वकील उठला. सचिनचं नाव तुमच्या भावानं घेतलं होतं का? मी म्हणाले, नाही. मागं बाक करकरला. आबा उठून गेले, हे मला न बघता कळलं.

घरात लपवलेला चाकू रवीनंच पोलिसांना काढून दिला होता. त्याला जन्मठेप झाली. सचिन सुटला. निकाल ऐकताना मला काही वाटलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या घरातलं ऐकावं तसं मी ते ऐकलं. बाहेर सचिनची आई मॅडमच्या पाया पडायला वाकली, तशा त्या झटकन मागं सरल्या. मग आमच्यापाशी आल्या. "मामा, शिव्या द्यायच्या तर मला द्या. लेकीला न्हाय."

आबांनी कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. जेवण झालं का, गॅस आला का. विजूचं नाव घरात निघेनासं झालं. आम्हा दोघांना त्याची सवय होऊन गेली.

मागच्या वर्षी मॅडम आजारी पडल्याचं कानावर आलं होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या गेल्याचा निरोप फोनवर आला. पुढच्या तासाला मी भूमिती शिकवली. संध्याकाळी आबांना ताट वाढलं आणि सांगितलं, "कांबळे मॅडम गेल्या."

आबांचा हात थांबला.

"त्यानं खरंच एकच नाव घेतलं हुतं?"

"एकच, आबा."

"मला वाटायचं, त्या बाईनं तुला शिकवलं."

"त्यांनी मला कायच शिकवलं न्हाय."

आबा पुन्हा जेवू लागले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "उद्या जाणार असशील तर मला बी ने."

मॅडमचं घर दोघांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी आम्ही हातकणंगल्यात उतरलो. मी फोन काढून कालचा निरोप देणाऱ्याला विचारावं म्हणत होते, तोवर आबा पुढं झाले आणि रस्त्यावरच्या पहिल्याच माणसाला त्यांनी हटकलं, "पावणं, आमच्या वकील मॅडमचं घर कुठं आलं?"